निवळलेलं पाणी

१

पाण्याचा अहवाल स्वच्छ आला आणि तिथूनच खरा घोळ सुरू झाला.

रत्नप्रभा गमरे यांनी तो कागद तीनदा वाचला. जोगेश्वरी पूर्वेच्या ‘चिमणघर’ बालवाडीच्या नळाचं पाणी. शिसं आढळलं नाही. शिक्का जागेवर, सही जागेवर. एरवी असा कागद हातात पडला की बाई खुशीत येऊन सगळ्यांसाठी चहा सांगत. आज त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. जानेवारीतलं मरोळ धुरकटलेलं होतं. समोरच्या कारखान्याची पाटी दिसत होती, कारखाना दिसत नव्हता.

चौतीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासून रत्नप्रभाबाई निवृत्त झाल्या, आणि घरी बसवेना म्हणून या पाच माणसांच्या कंपनीत आल्या. कंपनी कागदाच्या पट्ट्या बनवायची. बोटाएवढी पांढरी पट्टी, पण तिच्या टोकाला डीएनएचे धागे चिकटवलेले. पाण्यात शिसं असलं की धागा त्याच्याभोवती गुंडाळी करून बसतो आणि पट्टी निळी होते. यंत्र नको, वीज नको, दोन दिवस वाट बघणं नको. पुढच्या महिन्यात अशा पट्ट्या दोनशे बालवाड्यांत जाणार होत्या. त्याआधीची परीक्षा म्हणून ‘चिमणघर’ निवडलं होतं.

पहिले दोन आठवडे पट्ट्या पांढऱ्या. तिसऱ्या आठवड्यात सहापैकी चार दिवस निळ्या.

सगळ्यांना आधी पाइपाचाच संशय आला. पण आता हा कागद म्हणत होता की नळात शिसं नाही. बालवाडीच्या स्टीलच्या पिंपात चोवीस तास शुद्ध पाणी भरून ठेवलं होतं, तेही स्वच्छ निघालं. नळ निर्दोष, पिंप निर्दोष, आणि पिंपातल्या पाण्यात तेवढी पट्टी निळी; ते पाणी तर केव्हाच ओतून दिलेलं. म्हणजे नळापासून पिंपापर्यंतच्या सहा पावलांत कुणाचा तरी हात होता.

“शनिवारी पालकांची सभा आहे,” कंपनीच्या प्रमुख अनुपमा दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमी खालच्या पट्टीतला. घाबरल्या की आणखी खाली जायचा. “सभेनंतर ते पोलिसांत जाणार आहेत. नाव एकच घेतायत.”

“कुणाचं?”

“पाणी भरते ती. जानकी.”

आज मंगळवार होता. रत्नप्रभाबाईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि उठल्या. अडुसष्ट वर्षांची एक विधवा बाई बावीस पोरांना विष घालते, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. पण न उतरणं हा काही पुरावा नव्हे, हेही त्यांना माहीत होतं.

२

बालवाडी म्हणजे एक लांबुळकी खोली, दहा दिवसांपासून बंद. भिंतीवर हत्ती, होडी आणि कुणीतरी फार मन लावून काढलेला फणस. बावीस छोट्या चटया कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या. पोरं नसलेल्या बालवाडीत इतकी शांतता असते की रत्नप्रभाबाईंना आपण कुणाच्या तरी झोपेत शिरलो आहोत असं वाटलं.

नंदा ही बालवाडी चालवायची. वय पस्तिशीचं, डोळे रडून सुजलेले.

“निळ्या पट्टीचा फोटो मीच काढला ओ,” ती म्हणाली. “चार दिवस. फोटो काढला, पाठवला, आणि पोरांना तेच पाणी दिलं. मला कुणी सांगितलं होतं निळं म्हणजे वाईट?”

कुणीच सांगितलं नव्हतं. परीक्षा निष्पक्ष व्हावी म्हणून कुठला रंग कशाचा ते तिला मुद्दामच कळवलं नव्हतं. फोटो मरोळला जायचे आणि आठवड्याचे सगळे एकदम शनिवारी उघडले जायचे. नियम कागदावर फार शहाणा दिसत होता. नंदाच्या डोळ्यांसमोर उभं राहून तो सांगायची मात्र रत्नप्रभाबाईंना लाज वाटली.

“पाणी कोण भरतं?”

“जानकीमावशी. सहाला पाणी येतं, साडेनवाला जातं. मावशी सहालाच येऊन भरतात. मी साडेआठला येते.”

“आणि पाण्यात काही घालता तुम्ही? औषध, गोळी, वाळा, काहीही?”

“काही म्हणजे काही नाही. आमचं साधं पाणी.” नंदा थांबली. मग खाली बघत म्हणाली, “मधे दोन दिवस पट्टी पांढरी आली ना, बुधवार-गुरुवार? ते दोन दिवस मावशी नव्हत्या. बोरिवलीला भाचीचा साखरपुडा होता. पाणी मी भरलं, साडेआठला.”

रत्नप्रभाबाईंनी ते दोन वार वहीत टिपून घेतले.

“जानकीबाईंना विचारलंत?”

“विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. नुसत्या बघत राहिल्या. ‘नाही’सुद्धा म्हणाल्या नाहीत. मग लोकांना काय वाटणार, सांगा?” नंदाचा आवाज फाटला. “बारा वर्षं माझ्याकडे आहेत त्या. माझी पोरगी त्यांच्या मांडीवर वाढली.”

दारात खाकरण्याचा आवाज आला. जागेचे मालक चंद्रप्रकाश होते. या खोलीत त्यांना टाइल्सचं गोदाम करायचं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बालवाडी बंद पडली तर ज्याचा फायदा, असा माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती.

“मॅडम, माझ्यावर डाउट घेऊ नका हां,” ते स्वतःच म्हणाले. “मला खोली पायजे, बरोबर. पण पोरांच्या जिवावर? माझा नातू येतो इथे.”

“पाइप तुम्हीच खोदलात ना? त्याच आठवड्यात?”

“रविवारी फुटला म्हणून खोदला. नवीन टाकला, प्लॅस्टिकचा, बिल दाखवतो. नवीन पाइपाने उलट वाटच लागली. तेव्हापासून रोज सकाळी पाणी म्हणजे नुसता चहा, चहा! माझ्या घरी बायकोने भांडून घेतलं. आणि इथे या पिंपात बघतो तर पाणी एकदम काचेसारखं. मी जानकीला म्हटलं पण, कुठला फिल्टर लावलास गं, मला पण सांग. ती हसली.”

रत्नप्रभाबाईंनी मान डोलवली आणि वहीत लिहिलं: प्लॅस्टिकचा पाइप, नातू इथेच. हा माणूस सुटला, असं त्यांना वाटलं. नळाचा नमुना त्यांनी स्वतःच नेला होता, चौतीस वर्षांच्या शिस्तीने: नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, मगच बाटली धरायची. ते पाणी स्वच्छ होतं. तेव्हा पाइपाची गोष्ट संपली होती.

वही मिटताना त्यांच्या मनात काहीतरी सुटल्यासारखं झालं, पण काय ते हाती लागेना.

३

“मावशी, माझी पट्टी चुकणार नाही,” सम्यक म्हणाला.

सम्यक हा पट्टीचा जनक. एकोणतीस वर्षांचा, मूळचा हिंगोलीकडचा, घाटकोपरला आईबरोबर राहणारा. त्याने आयुष्यात एकही परीक्षानळी नीट धुतली नव्हती, असं रत्नप्रभाबाई त्याला चिडवत. त्याचं सगळं काम कॉम्प्युटरवर. डीएनएचा धागा कुठल्या क्रमाने गुंफला तर तो शिसं पकडेल, हे तो आधी पडद्यावर करून बघायचा. लाखभर धागे त्याने असे दुमडून बघितले होते आणि एक निवडला होता.

“दाखव बरं परत,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. हे बघायला त्यांना मनापासून आवडायचं.

काळ्या पडद्यावर एक धागा तरंगत आला. सैल, आळसावलेला, कुठे जायचं नाही असा. मग शिशाचा एक कण आला, आणि धाग्याने अंग चोरलं, वळसे घेतले, आणि कणाला मध्ये धरून घट्ट मिटून बसला. झोपलेलं मूल आईचं बोट धरतं ना, तसा.

“किती शहाणा आहे रे,” त्या पुटपुटल्या.

“आहेच. पाण्यात जे जे असतं ते सगळं टाकून तपासलाय. मीठ, चुना, मॅग्नेशियम, लोखंड. कशालाच भुलला नाही. फक्त शिसं.” त्याने खुर्ची वळवली. “पट्टी चुकली असती तर रोज चुकली असती ना? ती फक्त त्या बाईंच्या दिवशी निळी होते. दोन आणि दोन चार. मला पण वाईट वाटतं, पण मी काय करू?”

“आणि तिने हे का करावं?”

“ते मला नाही माहीत. मी माणसांवर काम करत नाही.”

बोलणं उद्धट होतं, पण चेहरा तसा नव्हता. फोटो उघडले त्या शनिवारपासून दहा दिवस पोराने नीट जेवणही घेतलं नव्हतं. पट्टी खरी ठरावी असं त्याला वाटत होतं आणि खरी ठरली तर काय होईल याची भीतीही वाटत होती. रत्नप्रभाबाईंनी त्याच्या टेबलावरचा गार झालेला डबा त्याच्याकडे सरकवला आणि त्या निघाल्या.

दारात अनुपमा भेटल्या. “काही सापडलं?”

“सापडलं,” बाई म्हणाल्या. “सगळं जानकीकडेच बोट दाखवतंय. आणि मला ते बोट आवडत नाहीये.”

४

मरोळहून गोरेगावला घरी नेणारी बस आरे कॉलनीतून जाते. या बसमध्ये रत्नप्रभाबाईंना हमखास डुलकी लागायची; कंडक्टरही ओळखून होता. दुपार कलली होती, झाडांमधून धुरकट ऊन येत होतं, गोठ्यांचा ओलसर वास खिडकीतून आत येत होता. तबेल्याजवळ बस हळू झाली आणि बाईंचा डोळा लागला.

झोपेत तो धागा आला. काळ्या पडद्यावर नाही, एका पातेल्यात. पातेल्यातलं पाणी चहासारखं. धागा त्यात इकडून तिकडे फिरत होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं. मग वरून एक हात आला. बाईचा हात, हिरव्या बांगड्यांचा. हात पाण्यात गोल गोल फिरू लागला, न थांबता, न घाई करता, आणि गाळ खाली बसत गेला. पाणी उजळलं. तळाशी पोरांच्या चटया दिसू लागल्या, एकेक करून बावीस. धागा आनंदाने मिटला.

बांगड्या त्यांच्या आईच्या होत्या.

रत्नप्रभाबाई दचकून जाग्या झाल्या. चिपळूणजवळच्या त्यांच्या गावी त्यांच्या वाडीचा पाणवठा वेगळा होता, आणि तो बारा महिने गढूळ असायचा. गावाच्या विहिरीवर त्यांना जाता येत नसे. आई रोज सकाळी हंड्यात हात घालून बसायची, मुठीत तुरटीचा खडा घेऊन. पाणी आरशासारखं होईपर्यंत फिरवायची. आणि त्या काळी कुणी येऊन आईला विचारलं असतं, बाई, पाण्यात काही घालता का, तर आई म्हणाली असती, छे, साधं पाणी आहे आमचं.

आता सुटलेला धागा हाती आला. चंद्रप्रकाशच्या घरी पाणी चहासारखं, आणि त्याच नळावर भरलेल्या पिंपात काचेसारखं. बालवाडीत फिल्टर नव्हता. मग पाणी निवळलं कसं? पाइप रविवारी खोदला, सोमवारपासून निळं. बुधवार-गुरुवारी जानकी नव्हती. नंदाने भरलं ते साडेआठला, गाळ वाहून गेल्यावर. तिला निवळायची गरजच पडली नाही. आणि खुद्द रत्नप्रभाबाईंनी नमुना घेतला तो दोन मिनिटं नळ सोडून. त्यांच्या लाडक्या शिस्तीने गाळ त्यांना कधी दिसूच दिला नव्हता.

“ओ भाऊ, थांबवा!” त्या ओरडल्या. “मला उलट जायचंय.”

रिक्षात बसल्यावर मात्र आनंद ओसरला. तुरटी म्हणजे शिसं नव्हे, पण रस्त्यावर विकत घेतलेल्या तुरटीत काय मिसळलेलं असेल कुणी सांगावं? पट्टी निळी झालीच होती. जानकीने मुद्दाम केलं नाही इतकंच यातून ठरत होतं. पोरांच्या पोटात शिसं गेलं की नाही, ते अजून ठरायचं होतं.

५

जोगेश्वरीच्या लेण्यांच्या मागच्या अंगाला, चढावर, जानकीची खोली. खाली लेण्याचं काळं तोंड दिसत होतं आणि तिथून घंटेचा बारीक आवाज येत होता. जानकी उंबऱ्यावर बसली होती. अंगाने काटकुळी, कपाळावर गोंदण. मिलमधल्या नवऱ्यामागे पंचवीस वर्षं एकटीने काढलेली बाई.

“पोलीस इले काय?” तिने विचारलं. आवाजात भीती नव्हती.

“नाही. मी पाणी तपासणारी. बसू का?”

जानकीने सरकून जागा दिली. आत भांडी लखलखीत मांडलेली, आणि त्यांच्यापासून वेगळी, पाटावर, फडक्याने तोंड बांधलेली एक कळशी. तिच्या शेजारी पेला उपडा घातलेला.

रत्नप्रभाबाईंनी आडून विचारलं नाही. “जानकीताई, पिंपात तुरटी फिरवायचात ना तुम्ही?”

जानकीचा चेहरा एकदम गळाला.

“पाणी मातयेचा येय होता गो,” ती म्हणाली. “पोरांका तसला पाणी कसा देऊचा? नाक्यावरसून खडो इकत घेतलंय. मोठो होतो, चांगलो पांढरोशुभ्र. खूप येळ फिरवलंय.” तिने ओठ आवळले. “शनिवारी नंदा म्हणाली, पाण्यात विष गावला. तेव्हाच माका कळला. त्या खड्यातच आसतला. आनी माझ्याच हातान पोरांका पाजलंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मी घातलाच ना?”

रत्नप्रभाबाई काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर पुन्हा कळशीकडे गेली. उपडा पेला ओला होता.

“त्या कळशीत काय आहे?”

रत्नप्रभाबाईंनी उठून फडकं सोडलं. आत पाणी होतं, तळाशी उरलेलं, आरशासारखं नितळ.

“दुसऱ्या दिवशी, रविवारी, नंदान पिंप ओतूक सांगितलान. तेव्हा भरून हाडलंय,” जानकी म्हणाली. “ह्याच पाणी पितंय मी. सकाळी एक पेलो, सांजेक एक पेलो. पोरांका जा झाला ता माका पयला होऊ दे. माका काय झाला तर डॉक्टरांका सांगूक येतला, पोरांका कसला औषध देऊचा ता.”

नऊ दिवस. नऊ दिवस ही बाई उंबऱ्यावर बसून आपल्याला विष चढायची वाट बघत होती. शिसं असं नऊ दिवसांत कळत नाही, ते वर्षानुवर्षं हाडांत मुरत राहतं, हे रत्नप्रभाबाईंना पाठ होतं. पण ते या बाईला सांगायला त्यांची जीभ रेटेना.

“हे पाणी मला न्यायचंय,” त्या म्हणाल्या. “यात शिसं निघालं, तर मी काही लपवू शकणार नाही. आधीच सांगते.”

जानकीने कळशी उचलून त्यांच्या हातात दिली.

“ने गो बाय. जा काय आसात ता कळूंदे.”

६

पाणी बुधवारी सकाळी मोठ्या यंत्राकडे गेलं. उत्तर शुक्रवारी येणार होतं. मधले दोन दिवस रत्नप्रभाबाई प्रयोगशाळेत नुसत्या वावरत होत्या. कळशीतल्या पाण्याचे चार थेंब त्यांनी पट्टीवर टाकले होते, आणि पट्टी लगेच निळी झाली होती. गडद, सुंदर निळी. सम्यकने ती बघितली आणि तो बाहेर जाऊन जिन्यात बसला.

शुक्रवारी दुपारी कागद आला. सम्यकने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि मधेच थांबला.

“शिसं नाही,” तो म्हणाला. “मावशी, शिसं नाहीये. अजिबात नाही.”

रत्नप्रभाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. सम्यक मात्र तसाच उभा होता, पांढराफटक.

“म्हणजे पट्टी खोटं बोलली,” तो म्हणाला. “पण का?”

“तुरटीत काय असतं रे?”

“अॅल्युमिनियम. ते मी तपासलंय, धागा त्याला विचारत नाही. गंधक. आणि...” तो थबकला. “पोटॅशियम.”

तो धावतच पडद्यापाशी गेला. तोच सैल धागा आला. सम्यकने या वेळी शिसं टाकलं नाही, पोटॅशियमचा एक कण टाकला. धाग्याने अंग चोरलं, वळसे घेतले, आणि त्या कणाला मध्ये धरून तसाच, अगदी तसाच मिटून बसला. आकाराने दोघं जवळपास सारखे. धाग्याला फरक कळत नव्हता. रत्नप्रभाबाईंनी शुद्ध पाण्याच्या पेल्यात दुकानातून आणलेली नवी तुरटी खूप वेळ फिरवली आणि पट्टी बुडवली. निळी.

“नुसत्या नळाच्या पाण्यात पोटॅशियम इतकं कमी की काही होत नाही,” सम्यक म्हणाला. “जानकीमावशींनी पाणी आरशासारखं केलं आणि ते वाढलं. मी का नाही तपासलं हे? बाकी सगळं तपासलं होतं. मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं, पाण्यात हे हे असतं...”

“माझ्या यादीवरून,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

यादी त्यांनीच त्याला दिली होती, स्वतःच्या अक्षरात. चौतीस वर्षं भरलेले रकाने त्यांना तोंडपाठ होते. त्यात पोटॅशियमचा रकाना नव्हता. त्यांच्या आईचा हात रोज सकाळी पाण्यात फिरायचा, तरी त्यांना तो रकाना कधी सुचला नव्हता. हा त्यांचा दोष होता, आणि सम्यकचा होता, आणि कुठला रंग वाईट ते न सांगणाऱ्या शहाण्या नियमाचा होता. जानकीचा तेवढा नव्हता.

अनुपमांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “पालकांना पत्र पाठवू. तांत्रिक कारणांमुळे निकाल रद्द, असं. धागा बदलू. दोनशे बालवाड्यांचं पुढच्या महिन्यात आहे, आत्ता गवगवा झाला तर सगळं बुडेल.”

“आणि जानकी?”

“पत्रात तिचं नाव येणारच नाही. उलट बरंच.”

“तिचं नाव गल्लीत घेतलं गेलंय, मॅडम. मोठ्याने. सगळ्यांसमोर. ते पत्राने पुसत नाही.”

बोलला तो सम्यक.

“मी जातो उद्या,” तो म्हणाला. “धागा माझा आहे.”

७

शनिवारी दहा वाजता बालवाडीपुढच्या बोळात साठ-सत्तर माणसं होती. जानकी यायला तयार नव्हती. रत्नप्रभाबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. माणसं बाजूला झाली, पण कुणी नमस्कार केला नाही. एका आईने आपलं पोर पाठीमागे ओढून घेतलं. जानकीने ते बघितलं आणि मान खाली घातली.

सम्यकला माणसांसमोर बोलता येत नसे. त्याने दोन पेले मांडले, दोन्ही शुद्ध पाण्याचे. एकात तुरटी फिरवली. दोन्हीत पट्ट्या बुडवल्या. एक पांढरी राहिली, दुसरी सगळ्यांदेखत निळी झाली. मग त्याने तो तुरटीचा पेला उचलला आणि पिऊन टाकला. तोंड वाकडं झालं त्याचं. गर्दीत कुणीतरी हसलं.

“पाण्यात शिसं नव्हतं,” तो म्हणाला. “कधीच नव्हतं. जानकीमावशींनी तुमच्या पोरांसाठी गाळ काढला. माझी पट्टी तुरटीला शिसं समजली, कारण मी ती तशी बनवली होती. चूक माझी आहे. ही पट्टी आता कुठेच जाणार नाही. दोनशे बालवाड्यांत पण नाही. पहिल्यापासून परत करणार मी.”

मागे उभ्या असलेल्या अनुपमांनी डोळे मिटले, पण त्याला अडवलं नाही.

“सॉरी ना मावशी,” नंदा रडत म्हणाली. चंद्रप्रकाश इकडे तिकडे बघत राहिले. सम्यक जानकीच्या पुढ्यात आला आणि वाकू लागला, तसं तिने त्याचा खांदा धरला.

“माका माफी नको रे,” ती म्हणाली. “माका एकच सांग. खराखुरा सांग. पोरांच्या पोटात काय वायट गेला नाय मा?”

“नाही मावशी. काही वाईट गेलं नाही.”

“एकाच्या पण?”

“एकाच्या पण नाही.”

जानकी उभ्या जागी खाली बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली. लोकांनी विचारलं तेव्हा रडली नव्हती, नाव घेतलं तेव्हा रडली नव्हती, आत्ता रडली. मघाच्या आईने पोराचा हात सोडला. पोर सरळ चालत गेलं आणि जानकीच्या मांडीत जाऊन बसलं, रोजच्या सवयीने.

सोमवारी बालवाडी उघडली. रत्नप्रभाबाई मुद्दाम सहाला पोचल्या. जानकी आली होती. चटया घातल्या होत्या, केर काढला होता. नळ सुटला होता आणि पाणी गढूळ येत होतं. पिंप रिकामं होतं.

“भरायचं ना?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

“नंदा भरतली.” जानकीने हात पदराखाली घेतले. “माका समाजता गो, काय झाला नाय ता. पण पिंपाकडे गेलंय की हात थरथरता.”

रत्नप्रभाबाईंनी तिचा हात पदराखालून काढून आपल्या हातात घेतला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, आणि पाणी बराच वेळ मोरीत वाहत गेलं.